बागेचे पाणी, गटाराचा आकार

गटारात न गेलेल्या पाण्यावर गटाराचा आकार द्यावा काय? जर्मनीत घरगुती सांडपाणी कोणी मोजीत नाही. नळाने जितके पाणी आले तितके मोरीतून गेले, असे धरूनच आकारणी होते. बागेला घातलेले पाणी मात्र जमिनीत मुरते. म्हणून बागेच्या नळावर वेगळा, प्रमाणित मीटर बसवून तेथील गृहस्थ तेवढ्या पाण्यावर सूट मागतात. काही नगरपालिका वर्षाला पहिल्या २० घनमीटरांवर सूटच देत नसत. २००९ साली बाडेन-वुर्टेमबर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने अशी मर्यादा समतेच्या तत्त्वास बाधक ठरविली, हे आमच्या मते योग्यच झाले. कचेरीच्या सोयीसाठी नागरिकाने न घेतलेल्या सेवेचे मोल का द्यावे?

परंतु न्याय मिळाला म्हणजे पैसा वाचलाच असे नव्हे. मीटरची मुदत ६ वर्षांची. पुढे तो बदलणे आले. दर घनमीटरला ३ युरो धरले, तर १० घनमीटरांवर वर्षाला ३० युरो सुटतात. लहानशा परसबागेचा हा लाभ बहुधा प्लंबरच्या मजुरीतच जावयाचा!

मुंबईतही मलनिःसारण आकार पाणीपट्टीच्या टक्केवारीनेच लागतो. पिण्याचे पाणी हिरवळीवर फवारावे काय, हा प्रश्न निराळा. पण फवारलेच, तर त्याचा हिशेब येथील रहिवाशांनीही मागावयास हवा.