आमच्या सोसायटीचा ठराव

गेल्या महिन्यांत भाईंदर येथील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेनें एक ठराव मोठ्या बहुमतानें संमत केला. तळमजल्यावरील एक सदनिका वर्षभर रिकामी आहे. तिचे मालक ती एका पालकमंडळास भाड्यानें देण्यास राजी होते. अठरा वर्षांवरील दहाबारा मतिमंद स्त्रीपुरुषांनीं तेथें सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत यावें, कागदी पिशव्या कराव्या, चार माणसांत बसून जेवावें आणि आपापल्या घरीं परत जावें, एवढाच काय तो बेत होता. सभेनें तो फेटाळला. फेटाळतांना एकाहि सभासदानें वावगा शब्द उच्चारला नाहीं. उलट, 'अशा कार्याबद्दल आम्हांस नितांत आदर आहे' हें वाक्य निदान पांच जणांच्या मुखांतून निघालें. आदर आहे, पण तो आपल्या जिन्याखालीं नको!

पहिला आक्षेप नियमांचा होता : राहत्या जागेचा अन्य उपयोग होऊं नये. तो ऐकून मला हंसूं आलें. त्याच तळमजल्यावर एका दंतवैद्यांचा दवाखाना आहे, गणिताच्या शिकवणीचा वर्ग आहे, आणि निवडणुकीच्या हंगामांत तेथेंच एका पक्षाची कचेरीहि थाटली होती. सदनिकांचे भाव उतरतील, हा दुसरा आक्षेप निदान प्रामाणिक होता. शेजाऱ्याची किंमत ज्याला चौरस फुटांत करावयाची आहे त्याच्याशीं कोणत्या भाषेंत वाद घालावा, हें मला उमगत नाहीं; म्हणून तो सोडून देतों. खरा विचार करावयाचा तो तिसऱ्या आक्षेपाचा, कारण तो सज्जनांचा आहे. 'अशा मुलांची खरी जागा घर. आईच्या मायेची सर कोणत्या केंद्रास येणार?'

मुलांची? आमच्या तिसऱ्या मजल्यावरील काकूंचा मुलगा एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि काकू अडुसष्टाच्या. कोणत्या दारांत कोणतें वर्तमानपत्र पडतें हें त्याला तोंडपाठ आहे; पेपरवाला चुकला तर तो दुरुस्ती करतो. अठराव्या वर्षीं त्याची विशेष शाळा संपली. तेव्हांपासून तेवीस वर्षें तो खिडकीशीं बसला आहे. आईची माया अपार असेल. परंतु आईचे गुडघे अपार नसतात.

पूर्वीं हा प्रश्न नव्हता, असें एका वडीलधाऱ्या सभासदांनीं सांगितलें. तें अर्धें खरें आहे. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मास आलेलें मूल विसाव्या शतकाच्या मध्यास सरासरीनें बारा वर्षांच्या आसपास जगे. आज जेथें वैद्यक पुढारलेलें आहे तेथें तें साठीपर्यंत पोहोंचतें. पूर्वीं आईबाप मुलाला पोंचवीत. आतां मूल आईबापांच्या मागें राहतें. आपल्याकडील कार्याचा इतिहासहि बालकांपासून सुरू होतो. चिल्ड्रेन्स एड सोसायटीनें १९४१ सालीं मानखुर्दला मतिमंद मुलांसाठीं निवास काढला. वकील या पारशी दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं १९४४ त जी शाळा सुरू केली तीच आजची शिवडीची जय वकील संस्था. पुण्यांत सिंधुताई जोशी यांनीं १९६४ त कामायनी स्थापिली. शाळा निघाल्या, मुलें शिकलीं, आणि मोठीं झालीं. मोठ्यांचें काय, हें कोडें मग पालकांनींच सोडवावयास घेतलें. बदलापूरचें आधार, डोंबिवलीजवळ खोणीचें घरकुल हीं त्यांचीं फळें. मुळशीच्या कोळवण खोऱ्यांतील साधना व्हिलेजहि अशा प्रौढांसाठींच आहे.

या मंडळींपुढें मी नतमस्तक आहें. पण हीं स्थळें एकदां नकाशावर पाहावीं. बदलापूर, खोणी, मुळशी : सारीं शहराच्या वेशीबाहेर. तेथें जमीन स्वस्त मिळे, हें एक कारण खरें. दुसरें कारण आमच्या सभेच्या इतिवृत्तांत सांपडेल. ज्यांना शेतमळ्याचें, मोकळ्या हवेचें जीवन रुचतें त्यांनीं तेथें अवश्य राहावें. परंतु ज्याचा सारा संसार वर्तमानपत्रांच्या त्या चाळीस दारांत आहे, त्याला आईच्या तेराव्यानंतर गाडींत घालून अनोळखी डोंगरापायथ्याशीं नेऊन सोडावें, यास आपण पुनर्वसन म्हणतों! शिवाय दूरच्या बंद फाटकाआड काय चालतें तें शेजाऱ्यास दिसत नाहीं, कारण शेजारीच नसतो. आपल्या ठाणे जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांतल्या एका निवासांत मतिमंद मुलांची उपासमार व छळ झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हां मुंबई उच्च न्यायालयास २०१० सालीं स्वतःहून दखल घ्यावी लागली. पलीकडच्या गॅलरींत कपडे वाळत घालणारी एखादी बाई असती तर न्यायालयाच्या कितीतरी आधीं तिनें आरडाओरड केली असती.

कायद्यांत न्यून नाहीं. १९९९ च्या कायद्यानें राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. प्रौढांसाठीं निवास व दिवसा सांभाळ करणारीं केंद्रें दोन्ही त्याच्या योजनांत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचें पांचवें कलम तर स्पष्टच सांगतें कीं, अशा व्यक्तीस समाजांत राहण्याचा हक्क आहे, अमुकच व्यवस्थेंत राहण्याची सक्ति तिच्यावर होऊं नये, आणि घरीं, निवासीं व वस्तींत साह्य मिळावें म्हणून सरकारनें झटावें. (या अवधींत मतिमंदांचे दिव्यांग झाले. नांवें बदलण्यांत आपण फार वाकबगार आहों. मीं या लेखांत जुना शब्द ठेवला आहे, कारण सभेंत ज्यांनीं नवा शब्द वापरला त्यांनींच विरोधांत हात वर केले.) 'कायदा सरकारला उद्देशून आहे, सोसायटीला नव्हे,' असें आमचे चिटणीस म्हणाले. मान्य. पण सरकार किंवा महानगरपालिका केंद्र काढील तेव्हां तें कोणाच्या तरी शेजारींच निघेल. तें कांहीं भाईंदरच्या खाडींत तरंगत राहणार नाहीं.

ही गोष्ट दोनचार घरांची आहे असेंहि कोणीं समजूं नये. २०११ च्या जनगणनेंत देशभर १५ लाख मतिमंद नोंदले गेले, आणि मीरा-भाईंदरची वस्ती ८,०९,३७८ होती. तेंच प्रमाण लाविलें तर या एका शहरांत हजार माणसें होतात. लपविलेलीं मुलें जनगणनेंत येत नाहींत, आणि जगांतील अभ्यासक हें प्रमाण दर हजारीं दहाच्या आसपास धरतात. त्या हिशेबानें आठ हजार. तीं कोठें आहेत? गाडींत, बाजारांत, समुद्रकांठीं उत्तनला तीं मला क्वचितच दिसतात.

आम्हांपैकीं बहुतेक मुंबईच्या चाळींतून येथें आलों. चाळींत असा एखादा मुलगा गॅलरींत बसलेला असे. येतांजातां कोणी त्याला चहा देई, कोणी त्याचें नाक पुशी. पोरांनीं त्याला दगडहि मारले, आणि त्या पोरांत मी होतों, हें विसरलों नाहीं. तरी त्याचा दिवस माणसांत जाई. विनामूल्य, विनापरवाना असें तें दिवसाचें केंद्रच होतें. सदनिकेनें आम्हांस दार दिलें, आणि दाराबरोबर ही सोयहि बंद झाली. पालकमंडळ जी मागत होतें ती दया नव्हती, ती गॅलरी होती. आणि तिचें तें भाडेंहि देणार होतें.

सभेंत मींहि हात वर केला नाहीं. बाजूनें नाहीं, विरुद्ध नाहीं. लिफ्टमध्यें काकू भेटल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही कांहींच बोललां नाहींत?" तीस वर्षें व्याख्यानें देणाऱ्या माणसास त्यावर उत्तर सुचलें नाहीं.

उपविधींप्रमाणें संमत झालेला ठराव सहा महिने फिरवितां येत नाहीं. त्यानंतर एकपंचमांश सभासदांनीं लेखी मागणी केल्यास विशेष सभा बोलवावी लागते. आमचे सभासद सत्तर, म्हणजे सह्या चौदा हव्या. पहिली माझी आहे, दुसरी त्या दंतवैद्यांची. आजवर नऊ झाल्या आहेत.