सही तिची, गाडी कोणाची?

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका वस्तीत बचत गटाची बैठक होती. वसुली झाली, वही मिटली आणि एका मावशींनी पिशवीतून तीन चकचकीत पत्रकं काढून सतरंजीवर मांडली. तीन कंपन्यांचे तीन ट्रक. मावशींचा मुलगा बारा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. लोखंडाचा माल घेऊन कधी नागपूर, कधी रायपूर. आता स्वतःची गाडी घ्यायची म्हणतो. फायनान्सवाल्यांनी कर्जासाठी आईची सही मागितली आहे, कारण राहतं घर आईच्या नावावर आहे. "ताई, यातली कुठली चांगली तेवढं वाचून सांगा. सही माझी जायची आहे," मावशी म्हणाल्या.

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. पोटगी, रेशनकार्ड, सातबारा यांवर तासभर बोलणाऱ्या आम्ही ट्रकपुढे गप्प झालो. ट्रक हा पुरुषांचा विषय, हे आम्हीही न बोलता मान्य करून टाकलं होतं. नव्वदच्या दशकात आपल्या चळवळीत ट्रकवाल्यांची चर्चा झाली ती बहुतेक एड्सच्या निमित्ताने. तो दिवसरात्र कशात बसतो, कुठे झोपतो, ती गाडी कोण निवडतं आणि तिचे हप्ते कोण भरतं, हे आपण विचारलं नाही. म्हणून ती पत्रकं आम्ही घरी आणली, काही ड्रायव्हरांशी आणि एका मेकॅनिकशी बोललो. त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवत आहोत.

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर मुख्यतः पाच नावं दिसतात. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला सुरुवात केली. त्यांच्या मोठ्या गाड्यांपैकी प्रिमा २००९ मध्ये आली, सिग्ना २०१६ मध्ये. अशोक लेलँड ही मद्रासची कंपनी. तिची २०२० मधली एव्हीटीआर मालिका अशी, की इंजिन, केबिन, अ‍ॅक्सल आपल्या कामाप्रमाणे निवडून गाडी जुळवून घेता येते. आयशरची २००८ पासून स्वीडनच्या व्होल्वोशी भागीदारी आहे. भारतबेंझ हे डेमलर कंपनीचं नाव, ते २०१२ मध्ये आलं आणि त्यांचा कारखाना चेन्नईजवळ ओरगडमला आहे. महिंद्राचा ब्लॅझो २०१६ चा. जुन्या दोन नावांची जमेची बाजू अशी, की सुटे भाग आणि मेकॅनिक गावोगावी मिळतात आणि जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक लवकर सापडतं. नंतर आलेल्यांनी केबिन, मायलेज आणि हमी यांच्या बळावर जागा मिळवली.

पत्रकांवर तुलना होते ती अश्वशक्तीची, ओढण्याच्या ताकदीची, किती टन माल बसतो त्याची आणि एका लिटरला किती किलोमीटर याची. या गोष्टी बिनमहत्त्वाच्या नाहीत. भाड्यातला मोठा हिस्सा डिझेलमध्ये जातो, आणि भरलेली गाडी कसारा घाटात दम टाकायला लागली तर खेपच तोट्यात. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला हे पाहावंच लागतं. पण हे सगळे रकाने मालकाच्या नजरेतून आखलेले आहेत. ब्लॅझो बाजारात आणताना महिंद्राने हमी दिली होती, जास्त मायलेज मिळवा, नाहीतर ट्रक परत करा. हमी चांगलीच. पण दहा वर्षं चालवून कंबर धड राहील, अशी हमी कुठल्याच पत्रकावर आम्हाला सापडली नाही.

तेच पत्रक आम्ही पुढच्या बैठकीत बायकांपुढे ठेवलं आणि विचारलं, तुम्ही काय मोजाल? एकजण म्हणाली, "घरी आला की दोन दिवस पाय सुजलेले असतात, ते मोजीन." दुसरी म्हणाली, "झोप. फोनवर आवाजावरून कळतं मला किती तास झोपलाय ते." तिसरी म्हणाली, "उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेनं अंगभर घामोळं येतं. चोळायला मीच असते." मैत्रिणींनो, दुरुस्तीला गाडी गॅरेजमध्ये जाते, ड्रायव्हर घरी येतो. त्या दुरुस्तीचं बिल कुठल्याच हिशेबात येत नाही, कारण ते काम बायको करते, आई करते.

झोपेचंच पाहू. राष्ट्रीय परवान्याच्या जड गाडीवर किमान दोन चालक असावेत आणि चालकाच्या सीटमागे दुसऱ्याला पाय पसरून झोपता येईल अशी आडवी सीट असावी, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत होतं. २०१८ मध्ये दोन चालकांची ही सक्ती काढून टाकली. त्याच वर्षी ट्रकांच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीचं मालासकट कमाल वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं, मोठ्या ट्रेलरचं ४९ वरून ५५ टनांवर. एकाच वर्षात ओझं वाढलं आणि माणूस कमी झाला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची, आणि लांब पल्ल्यावर फार तर दहा तासांची मर्यादा घातली होती. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. पण कायदा लागू असतानाही एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे तो पोचत नव्हता, कारण पाचांहून कमी कामगार असलेल्या धंद्याला तो लागूच नव्हता. आता मावशींचा मुलगा स्वतःच मालक होणार. त्याच्या झोपेवर लक्ष ठेवणारं कोण? हप्ताच.

केबिनची गोष्ट त्याहून वेगळी नाही. कितीतरी वर्षं आपल्याकडे कारखान्यातून नुसता सांगाडा आणि इंजिन विकत घ्यायचं आणि केबिन बाहेरच्या सुताराकडून बांधून घ्यायची, अशी रीत होती. लाकडी केबिन सजायची सुंदर, पण धडक बसली की काडेपेटीसारखी मोडायची. कारखान्यातून येणारी पोलादी केबिन ही चैन नव्हे, जीव वाचवण्याची सोय आहे. एसी केबिनचा नियम मात्र डिसेंबर २०२३ मध्ये निघाला आणि २०२५ मध्ये लागू झाला, तोही फक्त नव्याने तयार होणाऱ्या गाड्यांसाठी. जुन्या गाड्या रस्त्यावर अजून बरीच वर्षं राहतील. शिवाय बहुतेक गाड्यांत इंजिन बंद केलं की एसीही बंद. म्हणजे रात्री झोपताना गार हवा हवी तर डिझेल जाळायचं, आणि नोकरीतला ड्रायव्हर असेल तर त्या डिझेलचा जाब द्यायचा.

आणि सीटवर पुरुषच बसणार, हे तरी कोणी ठरवलं? १९७४ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, इंजिनिअर हवेत अशी जाहिरात दिली आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं त्यात छापलं. सुधा कुलकर्णी या तरुणीने, पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरीही मिळाली. ट्रक बनवण्याचं दार असं ढकलून उघडावं लागलं. चालवण्याचं दार अजून किलकिलंच आहे. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी कायद्याची पदवी घेतलेल्या. २००३ मध्ये पतीचं निधन झाल्यावर मुलांना वाढवण्यासाठी त्या भोपाळहून देशभर ट्रक चालवू लागल्या. त्यांचं कौतुक सगळे करतात. पण त्यांच्यामागून दहा जणी का आल्या नाहीत, हे विचारायला हवं. पहिली पायरी किती उंचावर आहे, क्लच किती जड आहे, सीट पुढे घेतली तर पाय पोचतात का, केबिन आतून नीट बंद होते का, आणि हायवेवर स्वच्छ, दिवा असलेला संडास कुठे आहे? हलका क्लच, पॉवर स्टिअरिंग, वजनाप्रमाणे सैल-घट्ट होणारी सीट, आपोआप बदलणारे गिअर, हे सगळं आज बाजारात आहे. पण ते महागाच्या मॉडेलवर असतं, आणि पैसे वाचवताना सगळ्यात आधी तेच कापलं जातं. ते बायकांच्या सोयीचं तसंच पन्नाशीच्या पुरुष ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्याही.

आता सहीकडे येऊ. सहकर्जदार म्हणून सही केली की कर्ज आपलंही झालं. नुसतं जामीन राहिलं तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. हप्ते थकले तर गाडी ओढून नेतील आणि उरलेल्या रकमेसाठी आईच्या दारात येतील. आरसी बुकावर नाव मात्र मुलाचं. म्हणून आम्ही मावशींना एका कंपनीचं नाव सांगितलं नाही. आम्ही म्हटलं, मुलाला घेऊन शोरूमला स्वतः जा. केबिनमध्ये चढून बसा. मागच्या बाकावर त्याला आडवं व्हायला सांगा, पाय दुमडावे लागतात का बघा. त्याच्या नेहमीच्या रस्त्यावर कुठल्या कंपनीचं सेवाकेंद्र किती अंतरावर आहे ते विचारा. कर्जाच्या कराराची प्रत घरी आणून वाचून घ्या, तोवर सही नको. गाडी तुमच्या नावावर घेता येईल का ते विचारा. ते जमत नसेल तर निदान आरसीवर नॉमिनी म्हणून नाव लावून घ्या. २०२१ पासून तशी सोय झाली आहे.

मावशी हसल्या. म्हणाल्या, "त्या उंचावर मी कशी चढू?" मग जरा थांबून म्हणाल्या, "चढीन. त्याला म्हणीन, हात दे."

जिथे मालवाहतुकीची वस्ती आहे तिथल्या गटांना आमची विनंती आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. किती जणींच्या सह्या गाड्यांच्या कर्जांवर आहेत आणि किती जणींच्या नावावर गाडी आहे, एवढे दोन आकडे मोजा. ड्रायव्हर घरी असेल तर त्यालाही बसवा, तो किती तास झोपला ते त्याच्याच तोंडून ऐका. आणि जे ऐकाल ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात पत्रकांवरच्या रकान्यांशेजारी आपले रकाने छापू.