नान्नजचा माळ आणि कलम २१

चालू घडामोडींची वही स्पर्धा परीक्षा देणारी आपली मुलं दिल्लीपासून भरायला घेतात. पण ती घराजवळूनही सुरू करता येते. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आता तिथं माळढोक दिसला, तर त्याची बातमी होते. याच पक्ष्याच्या, राजस्थान-गुजरातेतल्या वीजतारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २१ मार्च २०२४ रोजी हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये असल्याचं मानलं. एकीकडे त्या तारांतून जाणारी सौरऊर्जा, दुसरीकडे तारांना धडकणारा पक्षी. नुसती तारीख पाठ करून हा पेच उत्तरपत्रिकेत कसा मांडणार? निकालाचं टिपण या अंकात दिलंच आहे. तरी एखाद्या रविवारी अभ्यासिकेला दांडी मारा आणि माळावर जाऊन या. पाणी सोबत घ्या. ऊन आपलं, सोलापूरचं आहे.