"तेलच ते!"

हनुक्का संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पुष्कळ घरांत दिवे घासून लख्ख केले जातात आणि उरलेले तेल व जळक्या वाती मोरीत किंवा कचऱ्याच्या डब्यात जातात. कोणी हटकले तर उत्तर तयार असते, "त्यात काय एवढे? तेलच ते!"

शुल्हान आरूखला हे उत्तर मान्य नाही. ओरह हाईम, कलम ६७७ सांगते की आठव्या दिवशी नेमलेल्या मापातले, म्हणजे अर्ध्या तासाचे तेल न जळता उरले, तर ते मिझवासाठी राखलेले असल्याने वेगळे जाळून टाकावे. पुढल्या वर्षासाठीही ठेवू नये. मधल्या काळात चुकून फोडणीत पडायचे!

काही घरांत याउलट बाटलीतले तेलही पवित्र मानून बाजूला ठेवतात. तेही शास्त्र नव्हे. दिव्यात न ओतलेले तेल खुशाल स्वयंपाकाला घ्यावे. पहिल्या सात रात्रींचे उरलेले तेल पुढल्या रात्री चालते. वातीही संपेपर्यंत बदलाव्या लागत नाहीत. शब्बाथच्या दिव्याला तर हा जाळण्याचा नियमच नाही. तो घरात उजेड व्हावा म्हणून असतो; शब्बाथ उलटल्यावर उरलेले तेल वापरावे. हनुक्काच्या उजेडात मात्र पैसे मोजायलासुद्धा तालमूद मनाई करते. म्हणून त्याच्या तेलाचा नियम वेगळा.

कोणी म्हणतात, हनुक्का आपल्याला कोकणात उशिरा कळला, मग एवढे बारकावे कशाला? उशिरा कळलेली गोष्ट अर्धवट पाळावी, हा कुठला न्याय? आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत. त्यांच्यापाशी ग्रंथ नव्हते, तरी शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आपल्यापाशी ग्रंथ आहेत, विचारायला जाणकार आहेत, आणि आपण तेल मोरीत ओततो!

१९६४ साली आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये ठाण मांडून बरोबरीचा हक्क मागितला. तो मागणे योग्यच होते. पण हक्कासाठी जेवढे ताठ उभे राहिलो, तेवढेच कर्तव्य शिकायला बसलो का?

बंधू-भगिनींनो, काम पाच मिनिटांचे आहे. आठवी रात्र सरली की उरलेले तेल व वाती धातूच्या जुन्या वाटीत काढा, घराबाहेर मोकळ्या जागी मुलांदेखत जाळा आणि असे का करायचे ते त्यांना मराठीत, हिब्रूत, जमेल त्या भाषेत सांगा. नाहीतर उद्या तीच मुले आपल्याला ऐकवतील, "तेलच ते!"