विश्लेषण : उल्हास नदीचं पात्र निम्मं झालं, तर पूर किती चढेल?

गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीत घरं देण्याच्या प्रस्तावामुळे कर्जत तालुक्यातलं शेलू गेल्या वर्षा-दोन वर्षांत चर्चेत आलं. मुंबईतच घरं हवीत, या मागणीसाठी कामगार संघटनांनी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलनही केलं. मात्र मुंबईत घर न परवडणारी अनेक कुटुंबं त्याआधीपासूनच नेरळ-शेलू-वांगणी पट्ट्यात घर घेत आहेत. याच पट्ट्यातून उल्हास नदी वाहते. इथे वस्ती वाढताना नदीला किती जागा सोडायची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

उल्हासला एवढं पाणी येतं कुठून?

राजमाचीच्या डोंगररांगेत उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर असा प्रवास करते. सह्याद्रीच्या कड्यांवर आणि माथेरानच्या पूर्व उतारावर पडणारा पाऊस ओढ्यांमधून काही तासांतच नदीत येतो. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. सुमारे हजारभर प्रवाशांची बोटींमधून सुटका करावी लागली.

पात्राच्या आकाराने काय फरक पडतो?

नदीतून दर सेकंदाला जाणारं पाणी म्हणजे पात्राची रुंदी, पाण्याची खोली आणि वेग यांचा गुणाकार. वेग मात्र पात्राच्या आकारावरही ठरतो. पाणी तळाला आणि काठांना घासत जातं आणि त्या घर्षणाने मंदावतं.

समजा, एक पात्र ४० मीटर रुंद आणि १ मीटर खोल आहे, तर दुसरं १० मीटर रुंद आणि ४ मीटर खोल. दोन्हींत पाण्याचा छेद ४० चौरस मीटरच. पण पहिल्यात पाणी ४२ मीटर लांबीच्या तळ-काठाला घासतं, दुसऱ्यात फक्त १८ मीटर. उतार आणि खडबडीतपणा सारखाच असेल, तर दुसऱ्या पात्रात वेग सुमारे पावणेदोन पट असतो. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र यासाठी जगभर वापरलं जातं.

मग अरुंद पात्र चांगलंच नाही का?

नाही. अरुंद पात्रात वेग वाढतो, पण त्यासाठी आधी पाणी चढावं लागतं. पुराच्या वेळी ६० मीटर रुंद पात्रात २ मीटर पाणी वाहतंय, असं समजू. भराव टाकून ते ३० मीटर केलं, तर तेवढंच पाणी जायला खोली सुमारे ३ मीटर लागते. म्हणजे पातळी एक मीटरने वाढली. ही वाढ भरावापाशीच थांबत नाही, तर वरच्या अंगालाही फुगवटा येतो. भराव एकाचा आणि पाणी दुसऱ्याच्या घरात, असं होतं ते यामुळेच. पात्रातली झुडपं आणि राडारोडाही वेग कमी करून पातळी वाढवतात.

पूररेषा काय सांगते?

नदी आपलं पात्र स्वतःच घडवते. साधारण दर एक-दोन वर्षांनी येणारा पूर मावेल, एवढं ते अनेकदा असतं. त्याहून मोठ्या पुरासाठी काठालगतची सपाट जमीन लागते. उन्हाळ्यात ती कोरडी दिसली, तरी ती नदीचीच जागा असते.

म्हणूनच राज्यात पाटबंधारे विभाग दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांपैकी जे जास्त असेल त्यावर निळी रेषा ठरते. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर लाल रेषा ठरते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, तर दोन्ही रेषांच्या मध्ये अटींसह नियंत्रित असतं. ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. सलग दोन वर्षंही तसा पूर येऊ शकतो.

घर घेताना काय पाहावं?

स्टेशनपासूनचं अंतर सगळेच विचारतात. त्यासोबत इमारत पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे, जमीन भराव टाकून उंचावली आहे का आणि जवळचा ओढा वळवला किंवा बुजवला आहे का, हेही विचारायला हवं. शक्य असेल, तर ती जागा एकदा भर जुलैत पाहून यावी.