विश्लेषण : काजूची बाग नुसत्या शेणखतावर जगेल का?

रासायनिक खत बंद केले, चार पाट्या शेणखत घातले की बाग सेंद्रिय झाली, असा समज कोकणातील अनेक काजू बागायतदारांत आहे. हिशेब मात्र वेगळेच सांगतो.

आकडे काय म्हणतात?

राज्यात पूर्ण वाढलेल्या काजूच्या झाडाला वर्षाला १ किलो नत्र आणि प्रत्येकी २५० ग्रॅम स्फुरद व पालाश देण्याची शिफारस आहे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. म्हणजे तेवढे नत्र केवळ शेणखतातून द्यायचे, तर एका झाडाला २०० किलो खत हवे; हेक्टरी २०० झाडांना ४० टन! गोठे ओस पडत असताना ते आणायचे कुठून आणि डोंगरउतारावर चढवायचे कोणी?

मग सेंद्रिय खत नकोच?

हवेच. कोकणातील जांभ्या जमिनीत अन्नद्रव्ये टिकत नाहीत. मुसळधार पावसात युरियाही वाहून जातो. जमिनीत सेंद्रिय पदार्थ वाढले, तर ओल आणि अन्नद्रव्ये दोन्ही धरून ठेवली जातात.

सुरुवात कुठून करावी?

बागेतूनच. बी वेचणीसाठी जमीन साफ करताना पालापाचोळा पेटवला जातो, तो कुजवावा. बोंडू वजनाने बीच्या कित्येक पट असतो. तो झाडाखाली सडू देण्यापेक्षा शेण आणि पाल्याबरोबर त्याचे कंपोस्ट करावे. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला आळ्यात घालावा. खत पावसाचा जोर ओसरल्यावर, फांद्यांच्या घेराखाली चर काढून द्यावे. उतारावर चर झाडाच्या वरच्या अंगाला असावा.

घाई का नको?

काजूसारख्या बहुवर्षीय पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांचा रूपांतरण काळ लागतो. त्या काळात उत्पन्न घटले, तरी प्रमाणित मालाचा दर मिळत नाही. म्हणून आधी सेंद्रिय आणि रासायनिक खतांच्या जोडीने जमीन सुधारावी, बागेतले खत पुरेसे तयार होऊ लागले की मगच रासायनिक खत थांबवावे.

सरकारनेही तयार खतांच्या पिशव्यांपेक्षा कंपोस्ट खड्डे, गिरिपुष्पाची रोपे आणि रूपांतरण काळातील तूट यांवर पैसा खर्च करावा. बाजाराला सेंद्रिय काजू हवा असेल, तर त्या तीन वर्षांचा भार एकट्या बागायतदाराच्या माथी मारणे योग्य नाही.