गोळीने टायर खरेच फुटतो का?



या महिन्याचा प्रश्न शिरूर कासारच्या एका भगिनीचा आहे. त्यांच्या पतीचे रस्त्याकडेला पंक्चरचे दुकान आहे. त्या लिहितात, "सिनेमात हिरो पिस्तुलाची एक गोळी मारतो, टायर धाडकन फुटतो आणि गाडी कोलांट्या खाते. माझा धाकटा म्हणतो, हे खरे आहे. मोठा अब्बांच्या हाताखाली काम शिकतो. तो म्हणतो, टायरात एवढा मोठा खिळा घुसलेली गाडी आपल्या दुकानापर्यंत चालत येते, मग गोळीने काय होणार? दोघांत खरे कोणाचे? आणि गोळीनेही टायर फुटत नसेल, तर रस्त्यावर इतके टायर कशाने फुटतात?"

ताई, मोठ्या मुलाचे म्हणणे बरेचसे खरे आहे. तुमचा दुसरा प्रश्न मात्र पहिल्याहून मोलाचा आहे. दोन्ही क्रमाने पाहू.

फुग्याला टाचणी लागली की तो फुटतो, कारण फुग्याचा सगळा ताण त्या पातळ रबरावरच असतो. एका जागी चीर पडली की ती क्षणात सगळीकडे धावते. टायरचे तसे नाही. टायरमधले रबर हवा अडवते आणि रस्ता धरते, पण ताण सोसतात ते रबराच्या आत एकावर एक बसवलेले धाग्यांचे आणि पोलादी तारांचे थर. गोळी आत शिरली तरी त्यातले थोडे धागे तुटतात, बाकीचे धरून राहतात. पोलिसांच्या नेहमीच्या पिस्तुलाची गोळी ९ मिलिमीटर जाडीची असते. ती गेल्यावर रबर पुन्हा मिटते आणि मागे उरलेले भोक गोळीपेक्षाही लहान असते. त्यातून हवा फुस्स करत जाते. टायर बसायला काही सेकंद लागतील, कधी काही मिनिटेही लागतील. आत ट्यूब असेल तर हवा लवकर जाते, एवढाच फरक.

गोळीने टायर कधीच फुटत नाही, असे मात्र समजू नका. रायफलची वेगवान गोळी, मालाने लादलेल्या ट्रकचा तापलेला टायर आणि मार नेमका टायरच्या बाजूवर, असे सगळे जुळून आले तर टायर फाटू शकतो. पण सिनेमात जो नियम दिसतो, तो प्रत्यक्षात अपवाद आहे.

याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या काळजावर कोरलेले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत दोन दहशतवाद्यांनी पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांचे सहकारी शहीद झाले. हल्लेखोरांनी तीच गाडी ताब्यात घेतली. जखमी पोलीस शिपाई अरुण जाधव मागच्या बाजूला पडलेले होते. गोळीबारातून निघालेली ती गाडी मेट्रो सिनेमाकडे गेली, तिथून मंत्रालयाच्या दिशेने गेली आणि वाटेत जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीचा टायर पंक्चर झाला, पण ती उलटली नाही की पेटली नाही. हल्लेखोरांनी ती सोडून दिली, दुसऱ्याची स्कोडा हिसकावली आणि ते पुढे निघाले. शेवटी त्यांना अडवले ते गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीने. तिथे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या रायफलची नळी हातांनी घट्ट धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या झेलल्या. म्हणूनच कसाब जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

धावत्या गाडीचा टायर नेमका टिपणे किती अवघड आहे, हेही मुलांना सांगा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चुकलेली गोळी डांबरावर आपटून उसळते आणि वाटसरूला लागू शकते. टायर बसलाच, तरी गाडी कुठे वळेल हे सांगता येत नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर १९७२ पासूनच धावत्या गाडीवर गोळी झाडण्यावर कडक बंधने घातली. गाडी थांबवायची असेल तर रस्त्यावर खिळ्यांची पट्टी टाकतात. तिचे खिळे आतून पोकळ असतात, म्हणजे टायर फुटत नाही, हवा हळूहळू निघून जाते आणि गाडी सरळ रेषेत मंदावते. थोडक्यात, टायर एकदम फुटू नये, अशीच पोलिसांचीही इच्छा असते.

आता दुसरा प्रश्न. रस्त्यावर टायर फुटतात ते बहुतेक वेळा आतल्या उष्णतेने, आणि त्या उष्णतेचे मूळ कमी हवेत असते. हवा कमी असली की टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सरळ होते. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून पाहा, ती गरम होऊन शेवटी तुटते. टायरच्या आतही तेच होते. थर तापतात, एकमेकांपासून सुटू लागतात आणि एका क्षणी टायर फाटतो. जादा भार, जादा वेग, वैशाखातला तापलेला रस्ता आणि झिजलेला टायर हे सगळे त्याच आगीत तेल ओततात.

आपल्या भागात एक समजूत पक्की आहे, की उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटणार नाही. हे उलटे आहे. तापल्यावर हवेचा दाब काही पौंडांनी वाढतो, पण टायर बनवतानाच तेवढी जागा ठेवलेली असते. कमी हवेने मात्र टायर आणखी तापतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेली असते तेवढीच भरावी. नायट्रोजन भरल्याने सगळा धोका टळतो, हेही खरे नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दिवाळीच्या आसपास शिरूर कासार तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकने आणि ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. संसार, जनावरे आणि लेकरेबाळे एकाच गाडीत असतात. ट्रॉलीला रिमोल्ड केलेला जुना टायर, वर भार आणि रात्रीचा लांब पल्ला. तिथे सिनेमातली गोळी लागत नाही, महिनाभर न पाहिलेली हवा पुरते. निघण्याआधी पाच मिनिटे काढा. टायरच्या बाजूवर फुगवटा किंवा चिरा आहेत का? नक्षी उरली आहे का? कारच्या टायरला निदान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. टायर कधीचा आहे? बाजूवरच्या चार अंकांत ते लिहिलेले असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. स्टेपनीत हवा आहे का, तेही पाहून घ्या.

ताई, एक गोष्ट खास तुमच्या दुकानासाठी. कारच्या टायरात साधारण ३० ते ३५ पौंड हवा असते, ट्रकच्या टायरात १०० पौंडांहून जास्त. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या चाकात टायर धरून ठेवणारी सुटी लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना उडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. म्हणून चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, नळी लांब असावी आणि माणसाने चाकासमोर कधीच उभे राहू नये. कमी हवेवर बराच पल्ला चाललेला टायर तपासल्याशिवाय पुन्हा भरू नये. त्याचे थर आधीच सुटलेले असू शकतात. शिकाऊ मुलगा चाकावर वाकून हवा भरत असेल, तर त्याला आजच बाजूला घ्या.

आणखी एक. अपघात झाला की आपण "टायर फुटला" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटला, असे चालकाचे म्हणणे होते. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र रस्त्यावर रबराचे तुकडे किंवा टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. टायरला आणि नशिबाला दोष दिला की चालकाची झोप, वेग, थकवा यांबद्दल कोणी विचारत नाही. कारण विचारले नाही, तर पुढचा अपघात टळणार कसा?

तरीही चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर हे घरातल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असावे. ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा. गाडी आपोआप मंदावू द्या, मगच डाव्या कडेला घ्या. घाबरून दाबलेल्या ब्रेकनेच गाडी बहुधा उलटते.

पंक्चरच्या कामावरून आपल्या लोकांना हिणवणारे कमी नाहीत. तुमच्या मोठ्या मुलाला सांगा, समोर आलेल्या गाडीची हवा तपासून "हा टायर आता बदला" असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणारा माणूस त्या गाडीतल्या सगळ्यांचे प्राण राखत असतो. आणि धाकट्याला एकदा दुकानात नेऊन फाटलेला टायर आतून दाखवा. ते धागे आणि त्या तारा पाहिल्या की त्याचा प्रश्न आपोआप सुटेल.